आमच्या दोन फोनांची एक भाषा

बाबांचा फोन नागपूरला, लक्ष्मीनगरच्या घरी. माझा स्टुटगार्टला. मधे साडेचार तासांचं अंतर, जर्मनीतली घड्याळं उन्हाळ्यात पुढे सरकली की साडेतीन. रविवारी माझा सकाळचा चहा व्हायचा तेव्हा त्यांचं जेवण होत आलेलं असायचं. मग आमचं नेहमीचं सुरू व्हायचं.

"अगं, फोनवर काहीतरी येऊन राहिलं आहे. काय दाबू?"

"काय लिहिलंय, वाचा नं बाबा."

बाबा वाचायचे, इंग्रजीतला एकेक शब्द थांबून थांबून. तेहतीस वर्षं त्यांनी शासकीय मुद्रणालयात काढली, आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात आणि नंतर मुद्रितशोधनात. मराठीतली चुकीची वेलांटी त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही. इंग्रजीही त्यांना वाचता येतं. पण वाचता येणं वेगळं आणि वाचून बिनधास्त बोट ठेवणं वेगळं. ‘डिसकार्ड’ दाबलं तर नेमकं काय जाईल, याची खात्री नसली की ते दाबायचेच नाहीत. इकडे माझा फोन जर्मन. तिथलाच घेतलेला, आणि भाषा अंगवळणी पडावी म्हणून मी तो तसाच ठेवलेला. ते ‘सेटिंग्स’ म्हणायचे आणि माझ्या पडद्यावर ‘आइनश्टेलुंगन’ असायचं. मी अंदाजाने म्हणायची, "वरून तिसरी ओळ." त्यांच्याकडे तिसरी ओळ दुसरीच काहीतरी निघायची. आम्ही दोघं बोलत होतो मराठीत, पण ज्याच्याबद्दल बोलत होतो ते दोन वेगळ्या भाषांमध्ये होतं, आणि त्यातली एकही आमची नव्हती.

एका रविवारी असंच चाळीस मिनिटं चाललं. शेवटी बाबा म्हणाले, "जाऊ दे. डिसेंबरात तू येशील तेव्हा पाहू." ऑगस्ट चालू होता. चार महिने ते त्या फोनशी अडून राहणार, हे मला सहन झालं नाही. त्याच रात्री ठरवलं की दोन्ही फोन मराठीत करायचे.

फोनचं काम सगळ्यांत सोपं निघालं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग भाषा. तिथे ‘मराठी’ जोडायचं आणि बोटाने ओढून यादीत सर्वांत वर आणायचं. एवढं केलं की फोन क्षणात बदलतो. यादीतला क्रम मात्र विचार करून लावा. एखाद्या ॲपला मराठी येत नसेल तर ते यादीतली पुढची भाषा घेतं. मी माझ्याकडे मराठी, जर्मन, इंग्रजी असा क्रम लावला. बाबांकडे मराठी आणि मग इंग्रजी. त्यांचा फोन बदलताना शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला मदतीला बोलावलं. तो त्यांच्या फोनचा पडदा मला दाखवत होता आणि मी इकडून सांगत होते. पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’ असं दोन्ही दिसून राहिलं आहे, कोणतं?" मी माझ्या फोनवर तेच उघडलं. तेच दोन शब्द, त्याच जागी. मी म्हटलं, "‘ठीक आहे’ दाबा." त्यांनी दाबलं. दोन मिनिटांत काम झालं आणि उरलेला वेळ आम्ही नुसत्या गप्पा मारल्या.

त्यांच्या फोनात एक गोष्ट मला आधी कळलीच नव्हती. लिहायचा कीबोर्ड हिंदीचा होता. सीताबर्डीच्या दुकानात फोन घेतला तेव्हा दुकानदाराने न विचारता तो लावून दिला होता. बाबा ‘पाणी’ लिहायला जायचे आणि कीबोर्ड ‘पानी’ सुचवायचा. त्यांना वाटायचं, फोन असाच असतो. दुकानदाराचा अंदाज कुठून आला तेही समजतं. १९५६ पर्यंत आमचं शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि इथल्या बाजारात आजही माणूस समोरच्याशी आधी हिंदीतच बोलतो. पण बाबा घरात, मनात आणि कागदावर मराठीत जगतात. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला जर्मनीत कुणी विचारलं नव्हतं, त्यांना त्यांच्याच गावात नाही.

यानंतर माझा लॅपटॉप. इथे जरा जास्त खोलात जावं लागलं.

मी कुठलंही संकेतस्थळ उघडलं की जर्मन पान समोर येतं, हे मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. ते का येतं, ते आता शोधायला लागले. आपला ब्राउझर कुठल्याही पानाची मागणी करतो तेव्हा त्या मागणीसोबत एक चिठ्ठी जाते, तिचं नाव ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’. मला कोणत्या भाषा चालतील आणि कोणत्या क्रमाने, हे तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक भाषेला आवडीप्रमाणे शून्य ते एक यांमधलं वजनही देता येतं. संकेतस्थळाने ती वाचून जमेल ती भाषा द्यावी, अशी ही जुनी आणि फार चांगली व्यवस्था आहे. माझ्या चिठ्ठीत काय होतं? आधी जर्मनीतली जर्मन, मग नुसती जर्मन, मग इंग्रजी. मराठीचा उल्लेखच नाही. म्हणजे मी दिवसातून शंभर वेळा जगाला सांगत होते की मी जर्मन आहे.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी असते, ती दुरुस्त केली. मराठी वर, मग इंग्रजी, मग जर्मन. लगेच फरक दिसला. शोधाचं पान मराठीत आलं, ईमेलची टपालपेटी मात्र नाही. तिची भाषा ब्राउझरवर नाही, खात्यावर ठरते. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे वेगळी बदलावी लागली. म्हणजे थर आहेत: यंत्राची भाषा, ब्राउझरच्या पाट्यांची (मेनू, बटणं यांची) भाषा, ब्राउझर जी मागतो ती भाषा, खात्याची भाषा आणि एकेका संकेतस्थळाची भाषा. एक बदलली की बाकीच्या आपोआप बदलतील, असं समजू नका. माझे दोन रविवार या गैरसमजात गेले.

काही संकेतस्थळं तर ती चिठ्ठी उघडतच नाहीत. आपण कुठून आलो ते जोडणीच्या पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून, पाहतात आणि देशाची भाषा हातात ठेवतात. माझ्या मते हा प्रकार मुळातून चुकीचा आहे. मी कुठे राहते हे त्यांना कळलं, मी काय वाचते हे नाही. ही गफलत युरोपात कुणाला खुपत का नाही, हे मला भाषांची सांकेतिक अक्षरं पाहिल्यावर कळलं. जर्मनी देशाचं चिन्ह ‘डीई’ आणि जर्मन भाषेचंही ‘डीई’. फ्रान्स आणि फ्रेंच, दोघांचं ‘एफआर’. इटली आणि इटालियन, ‘आयटी’. देश आणि भाषा एकच, असं तिथे कागदावरच दिसतं. मराठीचं चिन्ह ‘एमआर’ आहे, आणि देशांच्या यादीत ‘एमआर’ म्हणजे आफ्रिकेतला मॉरिटानिया! आपल्या भाषेच्या नावाचा देश नाही. म्हणून जे देशावरून भाषा ओळखतात त्यांना आपण कधी सापडणारच नाही. आपल्याला ती मागूनच घ्यावी लागते.

अशा ठिकाणी दोन गोष्टींनी काम भागतं. पानाच्या पत्त्यात भाषेची दोन अक्षरं असतील तर ती हाताने बदलून पाहायची. नाहीतर पानाच्या अगदी तळाशी किंवा वरच्या कोपऱ्यात भाषेची निवड असते, ती एकदा करायची. ती निवड ‘कुकी’त, म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या टिपणात, राहते, त्यामुळे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडलं की विसरली जाते. हे ध्यानात ठेवलं की चिडचिड कमी होते.

सगळंच मराठीत करायचं का? नाही. बँक, रेल्वेची तिकिटं, आरोग्य विमा आणि करविवरण मी जर्मनमध्येच ठेवलं आणि तसंच ठेवायचा सल्ला परदेशातल्या प्रत्येकाला देईन. तिथून घरी येणारं पत्र जर्मनमध्ये असतं. पत्रातला शब्द आणि पडद्यावरचा शब्द एकच असायला हवा, नाहीतर खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याशी बोलताना आपणच अडकतो. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्याचा इथे फार उपयोग होतो. शिवाय आकड्यांचा प्रश्न आहे. मराठी निवडलं की बऱ्याच ठिकाणी आकडेही देवनागरी होतात. घड्याळात ९:४५ दिसतं, त्याचा मला आनंदच झाला. माझी सात वर्षांची लेक देवनागरी आकडे फोनच्या घड्याळावरूनच शिकली. पण एका अर्जात मी जन्मतारीख मराठी कीबोर्डवरून भरली आणि अर्जाने ती तारीख म्हणून ओळखलीच नाही. कारणही सांगितलं नाही, नुसती लाल चौकट. देवनागरी आकडे काढून इंग्रजी टाकले तेव्हा अर्ज पुढे सरकला.

लिहिण्याचं प्रकरण वेगळंच. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा ‘फोनेटिक’ कीबोर्ड आहे. रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा आणि मराठी उमटतं. मी तो लावला आणि बाबांना पहिलं पत्र लिहायला बसले. ‘माझा’ लिहायचं होतं, ‘माया’ उमटलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा ‘माया’. जर्मन लॅपटॉपवर ‘वाय’ आणि ‘झेड’ या कळांची अदलाबदल असते, आणि मराठी कीबोर्ड मात्र अमेरिकी मांडणी धरून चालतो. झेड छापलेली कळ त्याच्या लेखी वाय होती. या कारणाने मी इन्स्क्रिप्ट या दुसऱ्या कीबोर्ड-मांडणीकडे वळले आणि आता दुसरं काही वापरत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये रोमन अक्षराशी संबंधच नाही, अक्षर जागेवरून ठरतं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. पाय मोडायची कळ डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. हीच मांडणी ब्राह्मी कुळातल्या भारतीय लिप्यांना लागू पडते, आणि भारतीय मानक संस्थेने ती १९९१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली आहे. पहिले दोन आठवडे हात अडखळतो. तिसऱ्या आठवड्यापासून ‘ऱ्या’ सहज येतो, आणि जिला ‘वाऱ्यावर’ आणि ‘दऱ्या’ बरोबर लिहायचे आहेत तिला हे पुरे आहे.

डिसेंबरात नागपूरला गेले. थंडी पडली होती, अंगणात संत्र्यांची टोपली, आणि जेवणाच्या टेबलावर बाबांचा लॅपटॉप माझी वाट पाहत होता. त्याचीही भाषा बदलायची होती, पण विंडोज बदलू देईना. बाबांच्या लॅपटॉपवर विंडोजची ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती होती. तिच्यात पाट्यांची भाषा एकच राहते. कीबोर्ड मात्र हवा तो जोडता येतो. लॅपटॉप घेताना हे विचारून घ्या. मग मी त्यांना फायरफॉक्स हा ब्राउझर मराठीतला बसवून दिला, आणि पत्रं लिहायला लिबरऑफिस मराठी पाट्यांसकट. बाबांचं काम तेवढ्यात भागतं: वर्तमानपत्र, पत्रं, आणि विकिपीडिया. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आणि तिथे नवख्याने सराव करायच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात, चर्चेच्या जागेला ‘चावडी’. बाबांनी ‘धूळपाटी’ वाचलं आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. "हे कोणी ठेवलं नाव?" म्हणाले. "ज्याने ठेवलं त्याला भाषा येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा बाबा भिंग घेऊन पडद्याजवळ बसले होते.

"हा ल आपला नाही."

मला दिसेना. त्यांनी बोट ठेवलं. एका संकेतस्थळावर ल दोन पाकळ्यांचा होता, आपल्या शाळेतल्या पाटीवरचा. दुसऱ्यावर, तोही मराठी मजकूरच, उभ्या दांड्याचा ल होता, हिंदीतला. श सुद्धा तसाच, देठाच्या जागी शेंडी. मी तीस वर्षं मराठी वाचते आहे, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बाबांनी सांगितलं, मुद्रणालयात खिळ्यांच्या जुन्या पेट्यांच्या तळाशी हिंदी वळणाचे खिळे पडून होते, राजधानी होती त्या काळातले. नवीन जुळारी चुकून तो ल उचलायचा आणि प्रूफ तपासताना बाबांना पानभर खुणा कराव्या लागायच्या. २०२२ च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच आहेत, तो कागद त्यांच्याकडे घडी घालून ठेवलेला होता.

मी शोधलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ल एकच आहे, हिंदीचा आणि मराठीचा वेगळा नाही. कोणतं वळण उमटायचं ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठीचं बाहेर काढायला त्याला कुणीतरी सांगावं लागतं की हा मजकूर मराठी आहे. ते पानाच्या सुरुवातीलाच एका छोट्या खुणेत लिहायचं असतं, ‘एमआर’ ही दोन अक्षरं. मी त्या संकेतस्थळाचा आतला मजकूर उघडून पाहिला. सगळं पान मराठी, आणि भाषेच्या जागी लिहिलेलं होतं ‘इंग्रजी’. साचा कुठूनतरी तयार घेतला असणार आणि ती एक ओळ बदलायची राहिली. ते पान आमच्या भागातल्या एका वाचनालयाचं. बाबा तिथले जुने सभासद.

बाबांनी पानाची छपाई करून आणली. लाल पेन्सिलने प्रत्येक ल आणि श भोवती गोल केले, समासात मुद्रितशोधनाच्या खुणा टाकल्या, आणि मी खाली एका ओळीत दुरुस्ती लिहून दिली. कागद घेऊन ते स्वतः चालत वाचनालयात गेले.

त्या सुटीत आम्ही आणखी एक उद्योग केला. फायरफॉक्सचं भाषांतर स्वयंसेवक करतात, ‘पाँटून’ नावाच्या जागी, कुणालाही सुचवणी देता येते. संध्याकाळी मी वाक्यं वाचायची आणि बाबा दुरुस्त करायचे. त्यातला एक पेच बाबांनी पहिल्याच दिवशी पकडला. फोनवरचं हवामान सांगतं, ‘नागपूर मध्ये’ इतके अंश. बाबा म्हणाले, "नागपूर मध्ये? नागपुरात." अडचण अशी की यंत्राकडे वाक्याचा साचा असतो आणि गावाच्या नावासाठी त्यात मोकळी जागा. इंग्रजीत तिथे काहीही टाका, शब्द बदलत नाही. मराठीत शब्दाला आधी सामान्यरूप हवं: नागपूर, नागपुरात, पुणे, पुण्यात, वर्धा, वर्ध्याला. मोकळ्या जागेला हे कळत नाही, म्हणून भाषांतर करणारा बिचारा ‘मध्ये’ सुटं लिहून वेळ निभावतो. बाबांनी यावर बराच विचार केला. त्यांचं म्हणणं, नाव पहिल्या विभक्तीतच राहील असं वाक्य फिरवून बांधायचं: ‘नागपूर: आजचं तापमान’. मुद्रणालयात तक्त्यांचे मथळे ते असेच करायचे. तेव्हापासून मोकळी जागा असलेलं वाक्य दिसलं की मी आधी हाच मार्ग पाहते. चौदा सुचवण्या दिल्या आम्ही त्या सुटीत.

जानेवारीत मी स्टुटगार्टला परतले. लेकीच्या टॅबलेटवरही आता मराठी आहे. ती ‘पुढे’ आणि ‘मागे’ न अडखळता वाचते, ‘हटवा’ला मात्र घाबरते आणि आजोबांना फोन करते. "आजोबा, ‘हटवा’ दाबू?" मग आजोबा तिकडून तिला विचारतात, "आधी वाच, काय हटवून राहिली ते."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाबांचा निरोप आला. सोबत पडद्याचा फोटो, वाचनालयाच्या पानाचा. खाली इन्स्क्रिप्टवर स्वतः लिहिलेली ओळ:

"ल आला. श तपासून राहिलो आहे."